पारदर्शक पंखांचा दिवाचर पतंग आणि त्याचे वन

बुधवार पेठेतील एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकात किंवा गच्चीवर अनंताची कुंडी असेल, तर तिच्या कोवळ्या पानांवर केव्हातरी एक हिरवी, गुळगुळीत, करंगळीएवढी अळी दिसण्याचा संभव असतो. तिच्या शरीराच्या मागील टोकाशी एक वाकडे शिंग असते. घरातील माणसे ते शिंग पाहून बिचकतात. शिंगात ना दंश असतो ना विष. तरीही बहुधा ती अळी काडीने उचलून रस्त्यावर फेकली जाते. क्वचित ती दृष्टीआड राहिली, तर काही आठवड्यांनी त्याच चौकात, भर उन्हात, एखाद्या फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पिणारा एक कीटक दिसतो. त्याचे पंख काचेसारखे आरपार असतात. पाहणारा त्याला भुंगा म्हणतो. परंतु तो भुंगा नव्हे. तो पतंग होय.

या पतंगाचे शास्त्रीय नाव सेफोनोडीस हायलास असे आहे. पेठेतील वाड्यात तो आढळतो, म्हणून तो ‘शहरी कीटक’ आहे असे म्हणावे काय, आणि शहराभोवतीच्या टेकड्यांवर तो उडताना दिसतो, एवढ्यावरून तेथील रान त्याच्या दृष्टीने सुस्थितीत आहे असा निष्कर्ष काढावा काय, या दोन प्रश्नांचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. ते तसे का, हे समजण्यासाठी प्रथम या प्राण्याची रचना व जीवनक्रम आणि नंतर त्याच्या अळीची वनस्पती यांचा क्रमाने परिचय करून घेणे इष्ट होईल.

वर्गीकरण व एक सामान्य गोंधळ

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कार्ल लिनीअस याने १७७१ साली ‘मँटिसा प्लँटारम’ या ग्रंथात केले. ग्रंथ वनस्पतींचा, त्याला जोडलेल्या प्राणिविषयक पुरवणीत या पतंगाला स्थान मिळाले. पुढे १८१९ साली ह्युबनर याने सेफोनोडीस ही प्रजाती स्थापिली. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, चीन व जपान येथपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ही जाती पसरलेली आहे. भारतीय पतंगांचे आद्य सर्वसंग्राहक वर्णन हॅम्प्सन याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत केले व त्याचा पहिला खंड १८९२ साली निघाला. परंतु या कुलाविषयी अभ्यासकाने अवश्य पाहावा असा ग्रंथ म्हणजे त्याच मालेतील बेल आणि स्कॉट यांचा १९३७ चा खंड होय. टी. आर. बेल हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी. कारवार ही त्यांची कर्मभूमी. प्रौढ कीटक टाचणीला लावून त्याचे वर्णन करणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. अळ्या शोधणे, त्या कोणत्या झाडावर सापडल्या हे नोंदविणे, त्या पाळून प्रौढ पतंग मिळविणे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही पद्धती महत्त्वाची आहे.

‘पारदर्शक पंखांचा पतंग’ या वर्णनामुळे एक गोंधळ होतो, तो आधीच दूर करणे बरे. ज्या कुलाला इंग्रजीत ‘क्लिअरविंग’ म्हणतात ते सेसिडी हे कुल वेगळे आहे. जगात त्याच्या चौदाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांचे शरीर सडपातळ असून पुष्कळांचे रूप गांधीलमाशीसारखे असते, आणि त्यांच्या अळ्या खोड, मूळ किंवा वेलाचे देठ पोखरून आत राहतात. आपल्याकडील पडवळाच्या वेलात शिरणारी मेलिटिया प्रजातीची अळी ही या कुलातील. सेफोनोडीस हा मात्र स्फिंजिडी कुलातील, म्हणजे शक्तिमान उड्डाणाबद्दल प्रसिद्ध असलेल्या ससाणा-पतंगांपैकी आहे. त्याची अळी उघड्यावर पाने खाते. याशिवाय अमाटा प्रजातीच्या पतंगांच्या काळ्या पंखांवर जी पारदर्शक गवाक्षे दिसतात, तो तिसराच वंश होय. सारांश, पंखांची पारदर्शकता ही एकाच पूर्वजाकडून आलेली मिरास नव्हे. परस्परांशी दूरचे नाते असणाऱ्या वंशांत ती स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. केवळ पंख पाहून कुल ठरविणाऱ्या विद्यार्थ्याची येथे हमखास फसगत होते.

खवले गळतात कसे, आणि काच चमकत का नाही

फुलपाखरे व पतंग यांच्या गणाला लेपिडॉप्टेरा, म्हणजे ‘खवल्यांच्या पंखांचे’, असे नाव आहे. पंखांवरील सूक्ष्म खवले हेच या गणाचे व्यवच्छेदक लक्षण. मग ज्याच्या पंखांवर खवलेच नाहीत तो या गणात कसा? याचे उत्तर कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या पतंगाकडे पाहिले असता मिळते. त्या वेळी त्याच्या पंखांवर करड्या-पांढरट खवल्यांचा पातळ थर असतो. पंख ताणून वाळले आणि पतंगाने ते पहिल्यांदा जोराने थरथरविले, की हे खवले धुळीसारखे उडून जातात. पंखांच्या शिरा व कडा यांवर तेवढे खवले उरतात. खवले निर्माण होतात; परंतु त्यांची पकड सैल असते. येथे गणाचे लक्षण नाहीसे झालेले नाही, त्याचा उपयोग मात्र सोडून दिलेला आहे. पाळलेल्या कोशातून आलेला पतंग लगेच मारून संग्रहात ठेवला, तर धूसर पंखांचा तो नमुना निराळ्या जातीचा भासण्याचा धोका असतो, हेही ध्यानात ठेवावे.

पारदर्शकतेचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही. पंखाचे पटल कायटीनचे असते व त्याचा वक्रीभवनांक सुमारे १·५६ असतो. अशा पृष्ठभागावर लंबरूप पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ पाच टक्के परावर्तित होतो, आणि पटलाला पृष्ठभाग दोन असतात. म्हणजे उन्हात उडणाऱ्या पतंगाचे उघडे पंख खिडकीच्या तावदानाप्रमाणे लखलखावयास हवेत. ते तसे लखलखत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पंखाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म शंकूसारख्या उंचवट्यांच्या दाट रांगा दिसतात. त्यांमधील अंतर दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटरांहून, कमी असते. त्यामुळे प्रकाशाला हवा आणि कायटीन यांमध्ये एकदम बदलणारी सीमा लागत नाही. वक्रीभवनांक क्रमाक्रमाने वाढत गेल्यासारखा होतो आणि परावर्तन क्षीण होते. अशीच रचना निशाचर पतंगांच्या नेत्रपटलावर असल्याचे बर्नहार्ड व मिलर यांनी १९६२ साली दाखविले होते. सेफोनोडीसच्या पंखांवरील रचनेचा अभ्यास जपानी संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात केला. हे उंचवटे नाहीसे केल्यास पंखाचे परावर्तन वाढते असे त्यांना आढळून आले. निशाचर पतंगांच्या डोळ्यांवर असणारी ही युक्ती या दिवाचर पतंगाच्या पंखांवरही कामी यावी, ही लक्षणीय गोष्ट आहे.

माशीचे सोंग

आता असा प्रश्न येतो की, दिवसा उडणाऱ्या पतंगाला आरपार पंखांचा लाभ कोणता? निशाचर पतंग दिवसा झाडाच्या सालीवर निश्चल बसतो व पंखांच्या रंगामुळे लपतो. दिवाचर पतंगाला हे साधत नाही. फुलापुढे तरंगत असताना तो पक्ष्यांच्या दृष्टीस पडणारच. सेफोनोडीसच्या उरोभागावर पिवळसर-हिरवी दाट लव असते, उदरावर तांबूस पट्टा असतो, उदराच्या टोकाला काळ्या केसांचा पंख्यासारखा झुपका असतो, आणि उडताना गुंजारव होतो. या सर्वांचा एकत्र परिणाम म्हणजे दंश करणाऱ्या मोठ्या माशीचा आभास. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप घेण्याच्या या प्रकाराची उपपत्ती बेट्स याने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून १८६२ साली मांडली, व तिला त्याचेच नाव मिळाले आहे.

ही उपपत्ती येथे लावताना दोन मर्यादा पाळणे आवश्यक आहे. पहिली अशी की, हे कोणत्याही एका माशीचे हुबेहूब अनुकरण नव्हे. आपल्याकडील लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांचे पंख काळसर असतात, तर आग्यामाशीचे शरीर बरेच सडपातळ असते. पतंगाने उचलले आहे ते मोठ्या माशांचे सर्वसामान्य रूप. दुसरी मर्यादा अशी की, सोंग सर्वच शत्रूंपुढे चालत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर सर्रास दिसणारा वेडा राघू मधमाश्याच पकडतो व फांदीवर आपटून, घासून त्यांची नांगी निकामी करतो. अशा पक्ष्यापुढे माशीचे रूप हे संरक्षण ठरण्याचे कारण नाही. तेव्हा ‘अनुकृतीमुळे पतंग सुरक्षित राहतो’ हे विधान ‘कोणापासून’ हा तपशील दिल्याखेरीज अपुरे राहते.

क्षेत्रात हा कीटक ओळखणे अवघड नाही. माशी फुलावर पाय टेकून बसते; हा पतंग हवेत तरंगत लांब सोंड फुलात घालतो. माशीची शृंगिका बारीक व मध्येच वाकलेली असते. याची शृंगिका टोकाकडे जाड होत जाऊन शेवटी आकड्यासारखी वळते. ताणलेल्या पंखांची रुंदी सुमारे साडेचार ते सात सेंटिमीटर भरते.

जीवनक्रमाच्या तीन गरजा

मादी कोवळ्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. अळी प्रथम कोवळी पाने व नंतर जून पानेही खाते. तिचा रंग बहुधा हिरवा असून पाठीवरून फिकट रेषा गेलेल्या असतात. एकाच झुडपावर अळ्यांची दाटी झाल्यास काळपट रूपाच्या अळ्या अधिक दिसतात. पूर्ण वाढलेली अळी झाड सोडून खाली उतरते आणि पाचोळ्याखाली किंवा भुसभुशीत मातीत उथळ जागी कोशावस्थेत जाते. उबदार हवामानात वर्षातून अनेक पिढ्या होतात.

या साध्या वर्णनातून निवासाचा पहिला नियम निघतो. या पतंगाला तीन गोष्टी जवळजवळ लागतात : अळीसाठी ठराविक वनस्पतीची पाने, कोशासाठी मोकळी माती किंवा पाचोळा, आणि प्रौढासाठी मधाची फुले. पैकी तिसरी गरज सर्वांत सैल आहे. कोणत्याही योग्य नळीच्या फुलातून प्रौढ मध पितो. बागेतील इक्झोरा त्याला चालतो, आणि अमेरिकेतून आलेली, आता सर्वत्र माजलेली घाणेरीही चालते. पहिली गरज सर्वांत काटेकोर आहे.

कदंबाचे कुल

अळीच्या खाद्यवनस्पतींची यादी पाहिली, तर गार्डेनिया, रँडिया, पॅव्हेटा, व्हँगेरिया व कॉफी ही नावे पुनःपुन्हा येतात. ही सर्व रुबिएसी, म्हणजे कदंबाच्या कुलातील आहेत. कॉफीवरील अळीमुळेच या पतंगाला इंग्रजीत कॉफीच्या नावाने ओळखतात. समोरासमोर येणारी साधी, अखंड कडांची पाने. दोन देठांच्या मध्ये खोडाला चिकटलेले उपपर्ण. पाकळ्या जुळून झालेली नळी. आणि अधःस्थ अंडाशय, या लक्षणांवरून हे कुल वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज ओळखता येते. पतंगाच्या मादीला ते रासायनिक लक्षणांवरून ओळखता येते. माणसाने केलेल्या वर्गीकरणाशी कीटकाची निवड इतकी जुळावी, यात गूढ असे काही नाही. सजातीय वनस्पतींत सजातीय द्रव्ये असतात, व पानभक्षक कीटकाची पचनसंस्था त्या द्रव्यांशीच जुळलेली असते.

महाराष्ट्राच्या रानांत हे कुल विपुल आहे. गेळ, डिकेमाली, पेंढरू, पापडी, अळूचे झाड, बारतोंडी, हेदू, कळंब, कदंब ही नावे वनखात्याच्या माणसाला व धनगर-गुराख्यांना परिचित आहेत. ती सगळीच या अळीची खाद्ये आहेत असे समजू नये. वर दिलेल्या प्रजातींपैकी गेळ ही पूर्वी रँडियात गणली जाई, आज तिचे नाव कॅट्युनारेगॅम स्पायनोसा आहे. डिकेमाली ही गार्डेनिया होय. पापडी ही पॅव्हेटा. आणि अळूच्या झाडाला पूर्वी व्हँगेरियात धरीत, आता ते मेयना या प्रजातीत मोडते. जुन्या ग्रंथांतील खाद्यवनस्पतींच्या याद्या वाचताना नावांतील हे पालट लक्षात घेतले नाहीत, तर एकाच झुडपाची दोन झुडपे होतात.

यांपैकी गेळ हे पुण्याच्या परिसरातील शुष्क पानझडी रानाचे खरे रहिवासी. ते काटेरी झुडूप किंवा लहानसा वृक्ष असते. फुले प्रथम शुभ्र व सुगंधी असून नंतर पिवळी पडतात. फळ पिवळसर, लहान पेरूसारखे असते. हेच आयुर्वेदातील मदनफळ. वमनद्रव्यांत त्याला अग्रस्थान असून चरकसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय मदनकल्पाचा आहे. पुण्याच्या पेठांतील काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे वाळके गेळफळ आणि वाड्यातील कुंडीत फुलणारा अनंत ही एकाच कुलातील वनस्पतींची दोन रूपे आहेत. एक रानातून येते, दुसरा शोभेसाठी लावला जातो. पतंगाच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकाच घराच्या दोन खोल्या होत.

पेठ, टेकडी आणि सह्याद्री

या पतंगाचे ‘वन’ म्हणजे काय, हे पुण्याच्या भूगोलावरून चांगले समजते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, पर्जन्यछायेत वसलेले आहे. येथील वार्षिक पर्जन्यमान सरासरीने ७०० मिलिमीटरांच्या आसपास आहे. पश्चिमेस पन्नास-साठ किलोमीटरांवर सह्याद्रीच्या माथ्याला हा आकडा अनेक पटींनी वाढतो. या उतरत्या पावसाबरोबर वनाचा प्रकारही बदलतो : माथ्याजवळ सदाहरित व निमसदाहरित, त्याच्या पूर्वेस आर्द्र पानझडी, आणि पुण्याच्या टेकड्यांवर शुष्क पानझडी व झुडपी रान. चँपियन व सेठ यांच्या १९६८ च्या वनप्रकार-वर्गीकरणात या सर्वांना स्वतंत्र स्थाने आहेत. कदंब-कुलातील वनस्पती मात्र सर्व पट्ट्यांत, बदलत्या जातींच्या रूपाने, आढळतात. म्हणून पतंगाचे वन नकाशावर एखाद्या वनप्रकाराच्या रंगाने दाखविता येत नाही. त्याचे वन ही एका वनस्पतिकुलाची विखुरलेली साखळी आहे.

बुधवार पेठ ही या साखळीची एक टोकाची कडी होय. पेठेतील तुळशीबाग व बेलबाग ही नावे बागांची आहेत. आज ती नावे गजबजलेल्या बाजारपेठेची व देवालयांची ओळख झाली आहेत. वाड्यांच्या रचनेत चौक व परसू यांना स्थान असे. तेथे तुळस, अनंत, पारिजातक, कर्दळ यांना माती मिळे. वाडा पाडून उंच इमारत उभी राहिली की अनंत कुंडीत जातो, आणि परसू राहत नाही. पतंगाच्या तीन गरजा आठवल्या म्हणजे या बदलाचा अर्थ कळतो. पान आहे, फूल आहे. परंतु अळी खाली उतरते तेव्हा तिला फरशी किंवा सिमेंट लागते. कुंडीतील मातीतच कोश झाला तर तो वाचण्याची शक्यता. तीही कुंडीची माती उकरली जाईपर्यंत.

दुसऱ्या बाजूस पेठेच्या पश्चिमेला, सुमारे पाच किलोमीटरांवर, वेताळ टेकडी आहे. तिची उंची सुमारे ८०० मीटर असून शहरातील हे सर्वांत उंच ठिकाण. तेथे माती आहे, पाचोळा आहे, गेळीची झुडपे आहेत. परंतु तेथे ऋतूची मर्यादा आहे. शुष्क पानझडी रानातील गेळ उन्हाळ्यात निष्पर्ण होते. वळवाच्या सुमारास फुले व नवी पालवी येते. म्हणजे वर्षातील काही महिने टेकडीवर अळीला अन्न नाही. उलट कुंडीतील अनंताला रोज पाणी मिळते व त्याला बारमाही पाने असतात. यावरून असा तर्क करता येतो की, उन्हाळ्यात शहरातील अनंत हा पतंगाचा तात्पुरता आश्रय ठरत असावा, आणि पावसाळ्यात टेकडीवरील गेळ ही त्याची मुख्य भूमी. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु तो पडताळून पाहण्याजोगा आहे. वर्षभर दरमहा ठराविक दिवशी पेठेतील ठराविक कुंड्या व टेकडीवरील ठराविक झुडपे यांवरील अंडी आणि अळ्या मोजल्या, तर दोन्हींच्या आकड्यांतील चढउतार परस्परांना पूरक आहे की नाही ते उघड होईल. पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी यास फारशा उपकरणांची गरज नाही. चिकाटीची मात्र आहे.

आढळ म्हणजे निवास नव्हे

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळता येईल. प्राण्याचा आढळ आणि प्राण्याचा निवास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, टेकडीवर घाणेरीच्या फुलांसमोर सेफोनोडीस दिसला. या नोंदीवरून एवढेच सिद्ध होते की, तेथे प्रौढाला मध मिळाला. ससाणा-पतंग सशक्त उडणारा असल्यामुळे तो कोठून आला हे त्यावरून समजत नाही. घाणेरीची पाने त्याच्या अळीचे अन्न नव्हेत. गेळ नाहीशी झाली व घाणेरी वाढली, तरी प्रौढ पतंग काही काळ दिसतच राहील, आणि वरवर पाहणाऱ्याला सर्व क्षेम आहे असेच वाटेल. उलट, एखाद्या दुपारी एकही प्रौढ दिसला नाही, परंतु गेळीच्या पानांखाली अंडी सापडली, तर ती नोंद निवासाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते.

या भेदाला केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड झाली व तीत गिरिपुष्पासारख्या परदेशी, झपाट्याने वाढणाऱ्या वृक्षांना बराच वाव मिळाला. हिरवाई दुरून दिसते, म्हणून टेकडीचे आरोग्य हिरवाईने मोजण्याची सवय लागते. गेळीसारखे काटेरी, ठेंगणे, वर्षातील काही महिने निष्पर्ण राहणारे झुडूप या मोजणीत पडीक जमिनीचे चिन्ह ठरते. खड्ड्यांसाठी जागा करताना असेच झुडूप प्रथम तोडले जाण्याचा धोका असतो. गिरिपुष्प हे शिंबावंत कुलातील. सेफोनोडीसच्या मादीच्या दृष्टीने त्याची सावली व सिमेंटची गच्ची यांत फरक नाही. झाडांची संख्या वाढूनही एखाद्या प्राण्याचे वन कमी होऊ शकते, हे या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके इतर कशाने क्वचितच होईल.

तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांनी क्षेत्रनोंदी करताना पुढील पथ्य पाळावे असे सुचवावेसे वाटते. प्रौढ पतंगाच्या नोंदीबरोबर तो काय करीत होता ते लिहावे. फूल कोणते, याचा उल्लेख असावा. अळी किंवा अंडी सापडल्यास वनस्पतीची जात निश्चित करावी आणि शंका असल्यास फुलासह फांदीचा नमुना वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावा. अळी पाळून प्रौढ मिळवावा. मध्येच तिच्यातून परजीवी माशी किंवा गांधीलमाशीवर्गीय कीटक निघाला, तर तो फेकू नये, कारण तोही त्या वनाचा रहिवासीच आहे. झुडूप तपासून काहीच सापडले नाही, तर तेही तारखेसह लिहावे. शून्य हीही नोंद आहे. संग्रहासाठी एकदोन नमुने पुरेत. पारदर्शक पंखांची रांगच्या रांग पेटीत लावल्याने ज्ञानात भर पडत नाही. बेल यांनी कारवारच्या रानात जे काम केले त्याचे मर्म हेच होते की, प्राण्याची ओळख त्याच्या पंखांपासून सुरू झाली तरी ती त्याच्या अन्नापर्यंत नेल्यावाचून पूर्ण होत नाही.

बुधवार पेठेतील कुंडीवरची ती अळी शहराने निर्माण केलेली नाही. अनंताच्या पानात तिला आपल्या वनाची एक चतकोर भाकरी मिळाली, म्हणून ती तेथे आली. ती फेकून न देता वाढू दिली, आणि कुंडीच्या तळाशी थोडा पाचोळा राहू दिला, तर घरमालकाचे फार तर चार पानांचे नुकसान होईल. अनंताला नवी पालवी लवकरच फुटते. पण टेकडीवरील गेळ गेली, तर पेठेतील सर्व अनंत मिळूनही तिची जागा भरून काढू शकणार नाहीत. कुंडीतील पतंगाला ऋतूपुरता आसरा मिळेल. त्याच्या जातीला माती, पाचोळा व झुडपे यांनी भरलेली विस्तृत भूमी लागते. म्हणून पेठेत दिसलेल्या पतंगाची नोंद पूर्ण करावयाची असेल, तर ती टेकडीवर जाऊनच करावी लागेल.